क्वार्ट्झच्या खिडकीआड

शाई फिकी पडू लागली म्हणजे जुने खरेदीखत वेळीच नव्या कागदावर उतरवून घ्यावे, एवढे व्यवहारज्ञान आपल्या वाडवडिलांना होते. अक्षरे डोळ्यांना दिसत असत, म्हणून ती पुसट होत चालल्याचेही दिसत असे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत माणसाने आपले कितीतरी ज्ञान अशा ठिकाणी लिहून ठेवले आहे, की जेथील अक्षर नजरेला दिसत नाही आणि पुसले जाताना त्याचा मागमूसही लागत नाही. अशाच एका अदृश्य लिखाणाच्या पाठीस लागून आम्ही २०२२ सालच्या पावसाळ्यातील अडीच महिने घालवले. त्या खटाटोपाची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण ज्यांच्या घरी लहानसहान कारखाना आहे, अशा अनेक कुटुंबांना ती उपयोगी पडण्याजोगी आहे.

आमच्या थोरल्या भगिनींच्या यजमानांचा वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे. बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणे बनविणारे त्यांचे यंत्र १९८३ सालच्या बनावटीचे. १९९६ साली त्यांनी ते जुने म्हणून विकत घेतले आणि त्यावर दोन मुलींची शिक्षणे व विवाह पार पाडले. आज चार कामगारांच्या चुली त्यावर पेटतात. हे यंत्र सकाळी व्यवस्थित सुरू होई. पण तासाभराने गरम झाले, की मध्येच थबके व दर्शनी पट्टीवर भलतेच आकडे उमटत. तपासणीस आलेल्या एका तंत्रज्ञाने, संपूर्ण नियंत्रक बदलावा लागेल, असा निर्वाळा देऊन कित्येक लाखांचा आकडा सांगितला. मूळ उत्पादकाचा कारखाना कधीच बंद पडला होता. निवृत्तीपूर्वी तांत्रिक शिक्षण देण्यात आमची हयात गेलेली, म्हणून भावोजींनी आम्हांला बोलावले. ते इतकेच म्हणाले, "मास्तर, यंत्र गेले तर मी या वयात दुसरे उभारणार नाही. गाळ्याला कुलूप लावीन."

नियंत्रकाची पेटी उघडताच रोगाचे मूळ सापडले. आतील पाटीवर चोवीस पायांच्या तीन चिपा होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर नखाएवढी पारदर्शक खिडकी होती. या चिपांना ईप्रॉम म्हणतात. यंत्राने केव्हा तापावे, केव्हा दाब द्यावा, साचा केव्हा उघडावा, ही सारी आज्ञावली त्यांतच लिहिलेली असते. आमच्यापुढील चिपा २७१६ या जातीच्या होत्या. एकीत २०४८ बाइट, म्हणजे तिन्हींत मिळून ६१४४. या अंकाच्या दोन-तीन पानांत मावेल एवढ्याच त्या मजकुरावर चार कामगारांचे अन्न अवलंबून होते! दोन चिपांच्या खिडक्यांवर कागदी पट्टी शाबूत होती. मधल्या चिपेचा गोंद सुकून पट्टी गळून पडलेली, आणि पेटीच्या तुटक्या झाकणातून ट्यूबलाइटचा उजेड वर्षानुवर्षे थेट तिच्या खिडकीवर येत होता.

उजेडाने असे काय बिघडते, हे समजण्यासाठी या चिपेची घडण पाहिली पाहिजे. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला, कोणत्याही तारेला न जोडलेला एक कण असतो. मोठा दाब देऊन त्याच्यावर विद्युतभार चढविला, की तो भार आत कोंडला जातो आणि वीज बंद केली तरी राहतो. भारलेला कप्पा शून्य वाचला जातो, रिता कप्पा एक वाचला जातो. २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला म्हणजे कोंडलेला भार निसटतो व सारी पाटी कोरी होते. साधी काच हा प्रकाश अडविते, म्हणून खिडकी क्वार्ट्झची. ट्यूबलाइटचा उजेड त्या मानाने फारच सौम्य. तरी अखंड पडत राहिल्यास सुमारे तीन वर्षांत, आणि थेट उन्हात सुमारे आठवड्याभरात असली चिप पुसली जाऊ शकते, असा इशारा उत्पादकांच्या माहितीपत्रकांतच दिलेला असे. शिवाय अंधारातही भार थोडा थोडा झिरपतोच. दहा-वीस वर्षांचा हिशेब धरून बनविलेल्या या चिपा चाळिशीत येऊनही काम देत होत्या, हेच नवल!

या शोधाचे जनक डोव्ह फ्रोमन यांचे चरित्र आम्हांला फार हृद्य वाटते. १९३९ साली आम्स्टरडॅम येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाझी अंमल आवळत चालला, तेव्हा १९४२ साली आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून आपले बाळ दुसऱ्यांच्या हवाली केले. स्प्रांग-कापेल या खेड्यातील एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला महायुद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. आईवडील त्या संहारात गेले, मूल वाचले. हेच मूल पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत अभियंता झाले. सदोष चिपांची तपासणी करताना, तुटून एकाकी पडलेल्या भागावर विद्युतभार टिकून राहतो, हे त्यांच्या ध्यानी आले आणि १९७१ साली त्यांनी त्या दोषातूनच पुसता येणारी व पुन्हा लिहिता येणारी स्मृती जगापुढे मांडली. ज्याचे स्वतःचे बालपण लपवून जपले गेले, त्यानेच चारी बाजूंनी वेढून भार जपणारी ही कुपी निर्माण करावी, या योगायोगाने आम्ही अंतर्मुख झालो.

असो. नव्या चिपा लिहिण्यासाठी प्रोग्रामर नावाचे उपकरण लागते. आजकाल हाताच्या तळव्यावर मावणारी स्वस्त उपकरणे मिळतात. परंतु २७१६ चिप लिहिताना २५ व्होल्टचा दाब द्यावा लागतो आणि त्यांतील बहुतेक तो देऊ शकत नाहीत. नंतरच्या पिढ्यांत हा दाब २१ आणि मग १२.५ व्होल्टपर्यंत उतरला व जुन्याची गरज कोणाला राहिली नाही. तेव्हा जुन्या चिपेला तिच्याच काळातील उपकरण हवे, या निष्कर्षाप्रत आम्ही आलो.

ग्रँटरोड स्थानकावर उतरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या नावाने लॅमिंग्टन रोडवर, आम्ही पाच फेऱ्या मारल्या. तरुण विक्रेते आमच्याकडे कौतुकमिश्रित दयेने पाहत. अखेर एका पोटमाळ्यावरच्या दुकानात, दूरध्वनी संचांच्या ढिगाखाली, पत्र्याच्या पेटीतील एक प्रोग्रामर सापडला. सोळा कळा, लाल अंकांची दर्शनी पट्टी आणि चिप अलगद बसवून खटका दाबण्याचे सॉकेट. सोबत चिपा पुसण्याची खणाची पेटीही मिळाली. तिच्यात अतिनील दिवा व घड्याळ होते. वयस्क दुकानदाराने भंगाराहून थोडी अधिक किंमत घेतली आणि खाली उतरताना म्हटले, "चालले तर मला येऊन सांगा हं!"

ते लगेच चालविण्याचा मोह आम्ही आवरला. जुन्या उपकरणांतील कपॅसिटर सुकलेले असतात व त्यामुळे दाब ठिकाणावर राहत नाही. चिप न बसविता मल्टीमीटरने मोजले, तो २५ऐवजी २७च्या पुढे आकडा! २६.५ व्होल्टच्या वर ही चिप तगत नाही. कपॅसिटर बदलले, आतील स्क्रू फिरवून दाब २५वर आणला आणि तीन दिवस पुनःपुन्हा मोजून खात्री केली.

मग भावोजींच्या तिन्ही चिपा पाचपाच वेळा वाचल्या. पहिलीची व तिसरीची बेरीज दर वेळी एकच आली. मधलीची मात्र पाच वाचनांत पाच निराळ्या बेरजा आल्या. तिचे काही कप्पे शून्य आणि एक यांच्या उंबरठ्यावर अडखळत होते. त्यांत खरे कोणते, हे ती चिप आता सांगू शकत नव्हती. त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा होता.

त्याच वसाहतीत त्याच बनावटीचे दुसरे यंत्र एका वृद्ध शेठजींकडे होते. धंद्यात ते भावोजींचे प्रतिस्पर्धी. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. "मास्तर, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? चाळीस वर्षांच्या चिपेचा एक पाय मोडला, तर माझे काय?" ते म्हणाले. त्यांना उत्तर द्यायला आमच्याजवळ आश्वासनापलीकडे काही नव्हते. आम्ही चिपांची घडण समजावून सांगितली आणि त्यांच्या चिपाही त्याच वाटेवर असणार, हेही नम्रपणे सुचविले. आठवड्याने त्यांचा निरोप आला: साप्ताहिक सुटीच्या दिवशी, त्यांच्याच गाळ्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत काम व्हावे.

त्या दिवशी ती चिप सॉकेटमधून केसागणिक वर उचलताना आमचा श्वास रोखला गेला होता. शेठजी खुर्चीतून उठून शेजारी येऊन उभे राहिले. तिन्ही चिपा सुखरूप निघाल्या व वाचून झाल्या. भाच्याने दोन्ही यंत्रांचा मजकूर संगणकावर शेजारी शेजारी मांडला. पहिल्या चिपेत फरक नाही. दुसरीत सात ठिकाणी फरक: आमच्याकडे एक, शेठजींकडे शून्य. हे अपेक्षितच होते. भार निसटला की शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधी होत नाही. पण तिसऱ्या चिपेत दोन ठिकाणी नेमके उलट निघाले. तेथे आमच्याकडे शून्य होते आणि शेठजींकडे एक! म्हणजे झीज त्यांच्याकडेही सुरू झाली होती. शेठजींच्या चिपांच्या पट्ट्यांवर मूळ कारागिराने शाईने लिहिलेल्या बेरजा होत्या. दुसरीची बेरीज त्यांच्या चिपेशी जुळली. तिसरीची त्यांच्या चिपेशी न जुळता आमच्या चिपेशी जुळली.

शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अधूनमधून तापमानाचा आकडा चुकीचा दिसायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारे झाले आहे, चालवून घ्या."

पुढचे काम सोपे, पण सावकाशीचे होते. बाजारातून आणलेल्या वापरलेल्या चिपा दिव्याखाली वीस मिनिटे ठेवून पुसल्या. तो प्रकाश डोळ्यांना घातक असल्याने खण पूर्ण बंद झाल्याखेरीज दिवा लावायचा नाही, हा दंडक पाळला. बारांपैकी तीन चिपा कोऱ्या झाल्याच नाहीत. त्या बाजूला काढल्या. प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंद, म्हणजे एका चिपेला सुमारे पावणेदोन मिनिटे, या हिशेबाने दोन्ही यंत्रांसाठी तीन तीन चिपा लिहिल्या, पडताळल्या आणि खिडक्यांवर प्रकाश न शिरणारी पट्टी लावून त्यावर बेरजा लिहिल्या. भावोजींचे यंत्र त्या दिवसापासून दिवसभर न थबकता चालते आहे. शेठजींच्या यंत्राचा आकडाही ताळ्यावर आला. पोटमाळ्यावरच्या दुकानदाराला आम्ही सहाव्या फेरीत जाऊन हे सांगितले. त्यांनी चहा पाजला.

दोन्ही यंत्रांची स्मृती अपुरी होती, आणि तरीही त्या दोहोंत मिळून एकही अक्षर हरवलेले नव्हते. एकाचे विसरलेले दुसऱ्याला आठवत होते. मात्र हे कळण्यासाठी दोन प्रतिस्पर्ध्यांना एका मेजाशी बसावे लागले, आणि त्यांपैकी एकाला आपले चालते यंत्र विश्वासाने उघडू द्यावे लागले. उपकरण आम्हांला पैशांनी मिळाले. तो विश्वास विकत मिळण्याजोगा नव्हता.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे १९८०-९०च्या काळातील शिवणयंत्र, लेथ, छपाईयंत्र वा तत्सम काही इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर चालत असेल, त्यांना एवढीच विनंती आहे. जाणत्या माणसाकडून पेटी एकदा उघडून पाहावी. खिडकीची चिप दिसल्यास तिच्यावरील पट्टी शाबूत आहे का, ते पाहावे. आणि यंत्र चालू आहे तोवरच तिची प्रत करून दोन ठिकाणी ठेवावी. शेजाऱ्याकडे तसेच यंत्र असेल, तर एक प्रत त्यालाही द्यावी. आमचा पत्र्याच्या पेटीतील प्रोग्रामर भावोजींच्या गाळ्यात मांडून ठेवला आहे. ज्याला गरज असेल त्याने चिप घेऊन यावे, चहा आमच्याकडून.