पाणी बघून घर

लातूरच्या माणसाला नवं घर दाखवायला न्या, तो आधी हौद बघतो. हॉल केवढा, दार कुठल्या दिशेला, हे मागाहून. आमच्या घरी अंगणात हौद, मोरीत दोन पिंपं, स्वयंपाकघरात घागरी आणि माठ असा सरंजाम होता. नळ आला की त्यात पातेल्या-डब्यांचीही भर पडायची. त्या दिवशी आई पाहुण्यांनाही ‘उद्या या’ म्हणायची. कालचं पाणी शिळं म्हणून सकाळी ओतून देणारी घरं असतात, हे मला पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं, आणि खरं सांगते, रागच आला.

पुढं नोकरीनं चेन्नईला आणलं. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजून मिळालेल्या पहिल्या घरात पाण्याच्या दोन जाती होत्या. नळाला बोअरचं खारं, ‘उप्पु तण्णी’. त्यात डाळ शिजायची नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरा थर धरायचा. प्यायचं, म्हणजे मेट्रो वॉटरचं पाणी आवारातल्या जमिनीखालच्या टाकीत, ‘संप’मध्ये यायचं. ते हातपंपानं उपसून रंगीत प्लॅस्टिकच्या कुडममधून, म्हणजे घागरींतून, जिना चढवून आणायचं. शेजारणींना माझी कीव यायची. मला मात्र पाणी रोज येतं हीच चैन वाटत होती.

१ डिसेंबर २०१५च्या चोवीस तासांत चेन्नईजवळच्या तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरमबाक्कम तलावातून सोडलेलं पाणी अड्यार नदीतून शहरात घुसलं. आमच्या पायऱ्या बुडाल्या, संपात गटाराचं पाणी मिसळलं आणि प्यायला थेंब नाही अशी गत झाली. पाण्याला ‘आता पुरे’ म्हणायची वेळ माझ्यावर त्याआधी कधी आली नव्हती. पाठोपाठच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६मध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. आई फोनवर म्हणाली, “तिकडं वाहून चाललंय, हिकडं गाडीनं येतंय. देवाला हिशेब जमत नाही बघ.”

त्याच वर्षी आम्ही घर घ्यायचं ठरवलं. नवऱ्याची यादी सरळ होती: ऑफिस जवळ आणि हप्ता झेपेल इतका. माझी यादी एका ओळीची: पाणी येतं कुठून आणि जातं कुठं. पहिला अर्धा लातूरनं शिकवला होता, दुसरा चेन्नईनं. या शहरात घर बघताना आधी काय होतं ते विचारावं लागतं. पश्चिम मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड आहे, तळं नाही. तिथलं लांबलचक तळं १९२०च्या दशकात बुजवून टी. नगर वसवलं गेलं. वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभं आहे ते नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागेवर. पळ्ळिकरणैची दलदल २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली खरी, पण तोवर कचरा डेपो, रस्ते आणि आयटीच्या इमारती तिच्यात ठाण मांडून बसल्या होत्या. पावसाळी पाण्यानं थांबायचं ते नेमकं अशाच जागी.

दलालाला पाण्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, “लॉरी वरुम, मॅडम.” टँकर येईल! म्हणून मी इस्त्रीवाल्यांना विचारू लागले. गल्लीच्या तोंडाशी कोळशाच्या इस्त्रीची हातगाडी असतेच, आणि तो माणूस कुठलाही फ्लॅट विकत नसतो. वेलचेरीतल्या एकानं हातातली इस्त्री बाजूला ठेवली, मागच्या भिंतीपाशी गेला आणि छातीच्या जरा वर हात आडवा धरला. इथपर्यंत. भिंतीला नवा रंग दिला होता, तरी खालून मातकट रेघ दिसत होती. ज्या फ्लॅटचा इसार द्यायला आम्ही निघालो होतो तो तिथून थोडाच पुढं. इसाराचा चेक पर्समध्येच राहिला.

इथल्या साहुकारपेठेत विटा-खानापूरकडचे गलाईवाले आहेत, सोनं-चांदी गाळणारे. दुष्काळानंच ही माणसं देशभर पांगवली. त्यांतले एक ओळखीचे काका म्हणाले, “पोरी, कागद इथल्या वकिलाकडनं तपास, पाणी मात्र आपल्या डोळ्यानं.” कागदांचं प्रकरण वकिलानं निस्तरलं: ईसी म्हणजे बोजाचा दाखला, पट्टा म्हणजे जमिनीच्या मालकीचा उतारा, मूळ दस्त. एक गोष्ट मला नवी होती. आपल्याकडे जमीन सोसायटीच्या नावावर होते, निदान व्हायला हवी. इथं फ्लॅटमागचा जमिनीचा अविभाजित हिस्सा थेट खरेदीखतात लिहितात. सगळे त्याला ‘यूडीएस’ म्हणतात आणि भाजीवालीपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे त्याच्यावर मत देतात. तरणतलाववाल्या उंच टॉवरमध्ये आमच्या पैशात जमीन यायची चिमूटभर. जुन्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत तिच्या कितीतरी पट. आणि तो तरणतलाव भरणार कशानं? लॉरीनंच.

शेवटी तिरुवान्मियूरला दुसऱ्या मजल्यावरचं जुनं घर घेतलं. लिफ्ट नाही, बाल्कनी नावापुरती. पण जमीन वाळूची. पाऊस पडला की पाणी तुंबत नाही, मुरतं. तमिळनाडूत २००३पासून इमारतींना पाऊसपाणी जिरवणं सक्तीचं आहे, तरी पुष्कळ ठिकाणी ते नुसतं पाइप दाखवण्यापुरतं असतं. इथल्या एका निवृत्त इंजिनिअर मामांनी गच्चीचं सगळं पाणी खरंच विहिरीत सोडलं होतं. दोरीला दगड बांधून ते दर रविवारी पातळी मोजतात आणि वहीत लिहितात. घराची किंमत पटली ती ती वही चाळल्यावर.

वहीचा कस २०१९च्या उन्हाळ्यात लागला. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम, शहराला पाणी देणारे चारही जलाशय आटले. काही आयटी कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं. जुलैत जोलारपेट्टैहून कावेरीचं पाणी रेल्वेनं विल्लिवाक्कमला आलं, पहिल्या खेपेला २५ लाख लिटर. ऑफिसात सगळे अचंब्यानं फोटो बघत होते. मला ती गाडी माहेरची वाटली. आमच्या विहिरीची पातळी पार खाली गेली, तरी तळाला पाणी राहिलं. इतकं खोल उपसलं की समुद्र आत येतो, म्हणून मामांनी मोटर दिवसातून एकदाच लावायचा नियम केला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली ती इथल्या शेजाऱ्यांना सांगायला फार आवडते. १९७६च्या करारानं महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी कृष्णेतलं पाच-पाच टीएमसी पाणी चेन्नईसाठी देऊ केलं. १९९६मध्ये ते कालव्यानं पूंडीला पोचलं. म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेनं गेली तीच कृष्णा इथं कालव्यानं येते. येते तेव्हा येते, तेही कबूल केल्याहून कमी. पण महाबळेश्वरचा वाटा कागदावर का होईना, आहे. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग महाराष्ट्राकडून मेंटेनन्सही घ्यायला हवा.”

मेंटेनन्सचं भांडण मात्र आमचं आमच्यातच आहे. प्रत्येक घराला पाण्याचा मीटर बसवावा असा माझा आग्रह. तळमजल्याच्या दोन बिऱ्हाडांचा ठाम विरोध, कारण त्यांच्या कुंड्या शंभराच्या घरात. गेल्या बैठकीत ठराव पुढं ढकलला गेला. ऑक्टोबर लागला होता, ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला होता, आणि विहीर वर येत असताना इथं मीटरला मत देणारं माझ्याशिवाय कुणी नसतं.