खर्ज कमी केला तेव्हा

हैदराबादला मुलाकडे महिनाभर राहायला म्हणून गेले आणि आठव्याच दिवशी परतीच्या बसची चौकशी करू लागले. सुनेला वाटलं, सासूबाईंना बेळगावची आठवण येतेय. खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. मुलगा ऑफिसातून आला की बेस गिटार घेऊन बसायचा, आणि तेवढा वेळ मला घरात कुणाचंच बोलणं कळायचं नाही. कानात यंत्र असूनही! सून काही विचारायची, मी अंदाजाने उत्तर द्यायची. एकदा ती विचारत होती, भात लावू का. मी म्हटलं, ‘धारवाडला.’

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. दिसायला गिटार, काम मात्र खर्जाचं. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. आवाज काही फार मोठा नसायचा, पण खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन म्हणाल्या, ‘कोंचेम सौंड तग्गिंचंडी.’ मला तेलुगू येत नाही, पण आपल्या कन्नडात ‘तग्गिसु’ आहे ना, लगेच समजलं.

मुलाने आवाज कमी केला. आईला त्रास नको म्हणून गिटारवरचं टोनचं बटण फिरवून धारही बोथट केली. झालं उलटंच. ते बटण वरचा बारीक आवाज कमी करतं. मागे उरतो नुसता घुमारा. भिंतीतून, स्लॅबमधून पलीकडे जातो तोही हाच. शिवाय जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो, आणि बोलण्यातले स, त, क माझ्या वयात आधीच निसटतात.

एका संध्याकाळी मी जरा तुटकच बोलले. ‘मग वाजवतच नाही,’ म्हणून त्याने गिटार पिशवीत घातली. तीन दिवस घर शांत होतं, पण ती शांतता खाऊ उठायची. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाचा तो एक तास मी हिरावून घेतला होता.

चौथ्या दिवशी त्याने मित्राकडून तळहाताएवढी एक डबी आणली. तिचं नाव हाय-पास फिल्टर. गिटार आणि स्पीकरच्या मधे ती जोडायची. बटण ज्या आकड्यावर ठेवू त्याच्या वरचा आवाज पुढे जातो, खालचा अडतो. एकदम भिंत घातल्यासारखा नाही. उतारावरून घसरावा तसा कमी होत जातो. घरी त्याने बटण ८० वर आणलं. म्हणजे त्या ४१ च्या मूळ कंपाचा जोर सुमारे सोळाव्या हिश्श्यावर आला.

‘अरे, खर्जच काढायचा तर हे वाद्य वाजवायचं कशाला?’ मी विचारलं.

तो म्हणाला, ‘ऐक तर.’

आश्चर्य म्हणजे सूर तोच होता! तितकाच खोल. फक्त प्रत्येक आघात सुटा, स्वच्छ. त्याने समजावलं: ४१ च्या तारेतून ८२, १२३, १६४ असे वरचे कंपही निघतात. ते ऐकले की त्यांचा मूळ स्वर कान आपणच जुळवून घेतो. जुन्या टेलिफोनवर ३०० च्या खालचं जवळजवळ काहीच येत नसे, तरी वडिलांचा भारदस्त आवाज आपण ओळखत होतोच की. त्याचा छोटा स्पीकर तसाही ४१ नीट काढू शकत नव्हता. पडदा नुसता मागेपुढे हलत राही आणि वरचे स्वरही गढूळ करी. कार्यक्रमात मात्र तो बटण ३५-४० च्या आसपासच ठेवतो. आधी तळापासून हळूहळू वर न्यायचं, आवाजातलं काही गेलंसं वाटलं की किंचित मागे घ्यायचं, ही त्याची रीत.

मला आमचा मिरजेचा तंबोरा आठवला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत आई जवारी लावायची, तेव्हा दोरा नेमक्या जागी आला की खर्जाची तार उजळायची. तेही वरच्या स्वरांचंच काम. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या या घोडीवर लिहिलं होतं. तंबोऱ्यात दोरा वरचे स्वर जागे करतो, इथे डबी खालचा भार उतरवते, वाट वेगळी. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आजीचा तंबोरा पुढच्या वेळी घेऊन ये.’ बसमधून तंबोरा आणणं म्हणजे काय असतं, हे त्याला कुठे ठाऊक!

खालच्या बाई परत आल्या नाहीत. बसची चौकशी मीही सोडून दिली. परवा तो आत वाजवत होता, मी बाहेर पेपर वाचत होते. स्वयंपाकघरातून सुनेने नेहमीच्याच आवाजात विचारलं, ‘अत्ती, चा कुडितीरेनु?’

मी म्हटलं, ‘अर्धाच.’