ज्ञानाची कणगी

बालमित्रांनो, आमच्या सुलतानपुरात पूर्वी घरोघरी कणगी असायची. सुगीत ज्वारी भरून ठेवायची, म्हणजे पुढं पाऊस रुसला तरी घरात दाणा असे. तशीच एक कणगी मी घरात केली आहे. पण ज्ञानाची, बरं का!

तुमचे प्रश्न काही वेळ बघून येत नाहीत. शेजारचं लोणार पाहून आलेल्या मुलांनी एकदा विचारलं, "बाई, २०२० साली सरोवर गुलाबी का झालं होतं?" नेमकं तेव्हाच वादळानं इंटरनेट बंद! दोन दिवसांनी ते आलं, तोवर मुलं प्रश्नच विसरली. धान्याला जशी कीड लागते, तसा प्रश्नाला उशीर लागतो.

मग मी जुना लॅपटॉप काढला. त्यावर लिनक्स आणि किविक्स घातलं. दोन्ही मोफत आणि मुक्त. आतलं काम कसं चालतं, ते कुणीही पाहावं, सुधारावं. किविक्स २००७ साली सुरू झालं. त्यामुळं अख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवून ठेवता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला आपला मराठी विकिपीडिया तर पेनड्राइव्हवरही मावतो! लॅपटॉप घरच्या राऊटरला जोडला, की ओसरीवर बसून मोबाइलमध्ये लेख वाचता येतात. बाहेरची तार तुटली तरी अडत नाही. वीज गेली, तर लॅपटॉपवरच दाटीवाटीनं वाचायचं!

चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ही कॉपी नाही का?" छान प्रश्न! विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याचा आहे. लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यायचं आणि खुशाल वाटायचा. शंभर वर्षांपूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. ते ठेवायला कपाट लागायचं. आजचा कोश खिशात मावतो.

मात्र उतरवलेली प्रत आपोआप ताजी होत नाही. म्हणून मी दर सुगीला नवी भरते. आणि कणगीतून नुसतं काढायचं नसतं, भरायचंही असतं. आपल्या गावाबद्दल, पिकांबद्दल लेख अपुरा दिसला, तर थोरांच्या मदतीनं, पुस्तकाचा आधार देऊन तुम्हीही लिहा.

आणि आईबाबांनो, जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एकदा विचार कराल ना?

हो, गुलाबी पाण्याचं उत्तर राहिलंच! पाणी आटून खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासलं होतं.