मे महिन्यातलं जंगल

27 एप्रिल 2024, जक्कूर, बेंगळुरू

सकाळपासून पडद्यावर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्याचा एक तुकडा उघडा आहे. उपग्रहाचं चित्र उन्हाळ्यातलं, त्यामुळे सागाची पानं झडलेली, बांबू पिवळा. संगणकाने अर्ध्या भागावर 'अवनत वन' असा शिक्का मारला. ऑक्टोबरचं चित्र घेतलं तर तोच भाग गर्द हिरवा. तिथल्या ग्रामसभेसाठी मी करत असलेल्या जंगलाच्या आराखड्यात हा शिक्का तसाच गेला असता, तर पुढे कुणीतरी तिथे रोपवन सुचवणार. रोपवन आलं की खड्डे, कुंपण आणि चराईबंदी आलीच.

याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात 2011 साली आजच्याच तारखेला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गेले होते. गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्येच मिळाला होता. पण परवाना देणार वनखातं, म्हणजे बांबू गावाचा असूनही त्याला गावाची वेस ओलांडता येत नव्हती. कायद्याच्या कलमांपेक्षा त्या पुस्तकाचीच किंमत मला जास्त वाटते.

29 एप्रिल

ग्रामसभेच्या सचिवांना फोन केला. ईशान्येकडच्या उघड्या पट्ट्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ताई, ते ओसाड नाही. गुराइची जागा हाये ती. पाऊस पडू द्या, मंग पाहा." पुढे फार बोलले नाहीत, तेंदूचा हंगाम तोंडावर आलाय. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. या दिवसांत आराखड्यासाठी माणसं जमवायची हे शहरातल्यालाच सुचतं.

2 मे

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं बांबूवरचं काम पुन्हा काढून बसले. सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बुरुडांची तक्रार होती की कागद गिरण्या बांबू संपवतायत. गिरणीला तो टनाला दीड रुपया अशा भावाने मिळत असे, बुरुडाला बाजारात त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. भारतीय विज्ञान संस्थेत असलेल्या गाडगीळांनी पाहणी हाती घेतली. बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं, ते साफ केलं की बांबू जोमाने वाढतो, असा जाणकारांचा समज होता आणि तसं साफ केलंही जात होतं. गावकरी उलटं सांगत होते: काटे काढले की कोवळे कोंब गुरं खातात, रानातली जनावरं खातात, माणसंही नेतात. पाहणीत गावकऱ्यांचंच खरं निघालं. ज्यांनी काटे काढायचा नियम केला त्यांना कोंब कोण खातं हे पाहायला जंगलात थांबावं लागत नव्हतं, एवढाच फरक.

5 मे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये हजारभर हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूचा व्यवहार त्यांनी स्वतःच्या हाती घेतला आणि तेंदू तोडणं बंद केलं. हंगामाचा रोख पैसा सोडला, कारण चांगली पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरायची राहतात. आग वाईट, असं या गावाने स्वतः ठरवलं.

बेंगळुरूच्या दक्षिणेला बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासी सांगतात ते नेमकं उलटं. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी पालापाचोळ्याला हलकी आग लावायची रीत होती. वनखात्याने ती बंद पाडली. आवळ्याच्या झाडांवरचं बांडगूळ वाढलं आणि घाणेरीने जंगल व्यापलं, ते आग थांबल्यामुळेच, असं ते म्हणतात. 2011 मध्ये त्यांनाही सामूहिक हक्क मिळाला, तोही व्याघ्र प्रकल्पाच्या आत. एकच कायदा वापरून एक गाव आग नको म्हणतं, दुसरीकडचे लोक हवी म्हणतात, आणि मला दोन्ही पटतात. सगळ्या देशाला लागू पडेल असा अग्निनियम शोधणाऱ्यांची मला भीती वाटते.

9 मे

इथे सोसायटीत पुन्हा पाण्याच्या टँकरवरून भांडण. बेंगळुरूतल्या सरकारी 13,900 बोअरवेलपैकी 6,900 आटल्याचं कर्नाटकच्या उपमुख्यमंत्र्यांनीच मार्चमध्ये सांगितलं होतं. तरी आमच्या बैठकीचा विषय एकच होता, नवी बोअर कुठे मारायची. कमी उपसू या, असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

13 मे

सचिवांचा फोन. गावात पाचगावची गोष्ट निघाली होती. दक्षिणेकडच्या एका पट्ट्यात तरी तेंदू बंद ठेवावा, असं काही तरुणांचं म्हणणं. बायकांनी साफ विरोध केला. धानाच्या रोवण्याआधी हातात येणारा रोख पैसा हाच. बांबूचे पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही, मग मजुरी आणि पोरांची पुस्तकं कशातून, असं त्यांनी विचारलं. तरुणांकडे हिशेब नव्हता. आता बांबूचे किती आणि कोणत्या महिन्यात मिळतात ते मांडून दाखवायचं ठरलंय, आणि तो तक्ता करायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या ते फोटो काढून पाठवतायत. पहिल्या सहा आल्या, त्यातल्या दोन वाचता येत नाहीत.