सांगून विझणारी विजेरी

१/ परभणी जिल्ह्यातील आमच्या जिंतूर तालुक्यात विजेरीला आजही ‘बॅटरी’ म्हणतात. मला या विजेऱ्यांचा छंद आहे. घरात आज ११ आहेत. त्यांतली सर्वांत महाग कोणती, हे सारेच विचारतात. सर्वांत चांगली कोणती, हे सांगायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

२/ १८६६ साली फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने काचेच्या बरणीत नवसागराचे द्रावण भरून विद्युतघट तयार केला. बरणी कलंडली की द्रावण सांडे. १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गास्नरने द्रावणाऐवजी लगदा वापरला आणि तो जस्ताच्या डबीत बंद केला. हाच आपला ‘सेल’. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेलला नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट मिळाले. तेव्हाचे सेल इतके दुबळे की दिवा क्षणभरच लावायचा. ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यातूनच आले.

३/ आमच्या घरातील पहिली विजेरी आजोबांची. पितळी, तीन सेलची, प्रत्येकी १.५ व्होल्ट. मागच्या झाकणात एक जादा बल्ब जपलेला. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी एखादी रात्र काढायची, ही घरोघरची रीत. सेल उतरू लागला की बल्बची तार कमी तापते आणि प्रकाश पिवळा, मग तांबूस होत जातो. तेवढ्यात माणूस घर गाठतो.

४/ १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साकारला. २०१४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. या निळ्या प्रकाशावर पिवळ्या भुकटीचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. आजच्या विजेरीतला ‘१८६५०’ सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी.

५/ नोकरी लागल्यावर मी वडिलांना अशीच एक महागडी विजेरी दिली. पंपाची वीज रात्रपाळीची. ते हरभऱ्याला पाणी देत होते, दारे धरत होते. अशा विजेरीतले सर्किट सेल उतरत असतानाही प्रकाश तसाच राखते. मध्यरात्रीनंतर ती एकाएकी विझली. मोबाइल घरी होता. तांबडे फुटेपर्यंत वडील बांधावर जागच्या जागी उभे राहिले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “जुनी सांगून इझायची रे.”

६/ त्या दिवसापासून माझी निवड बदलली. झोत किती लांब जातो, हे मी शेवटी पाहतो. आधी पाहतो तो सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा. तो ९० च्या वर हवा. स्वस्त शुभ्र प्रकाशात तांबड्याचा अंश कमी असतो, आणि ढेकळांत पडलेली घोणस ढेकळासारखीच दिसते. प्रकाश थोडा उबदार, साधारण ४००० केल्विनचा. सेल बदलता येणारा, जोडीला दुसरा भरलेला. आणि सेल उतरू लागला की प्रकाश टप्प्याटप्प्याने कमी करणारी.

७/ अशी विजेरी आता वडिलांच्या हातात आहे. माझ्या संग्रहात ती सर्वांत महाग नाही. पाण्याची पाळी मात्र अजून रात्रीचीच. म्हणून आजोबांची पितळी विजेरी मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, आणि दर दिवाळीला तिचे सेल मी बदलतो.