गाळपेर

"उजनी मायनसमध्ये गेली," असं आमच्याकडं म्हणतात. वर्तमानपत्रं 'उणे' लिहितात, एसटी स्टँडवर मात्र मायनसच. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. धरणात पाणी दिसतंय, होड्या फिरताहेत आणि आकडा म्हणे शून्याच्या खाली! उजनीत एकूण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलंय आणि टक्के मोजायचे ते त्याच्या वरचे. म्हणजे शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त धरण भरलेलंच असतं, फक्त हिशोबात येत नाही. उन्हाळा तापला की त्या मृतसाठ्यालाच हात घालावा लागतो. पोटात निम्म्याहून जास्त मेलेलं पाणी घेऊन बसलेलं हे धरण दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून मला फार ओळखीचं वाटायला लागलं होतं.

2024 च्या जूनमध्ये उजनी जवळपास मायनस साठपर्यंत उतरली. त्याच्या आधी, मे महिन्यात, मी आत्याला घेऊन पळसदेवला गेले. भीमेकाठचं जुनं पळसदेव हे तिचं आणि दादांचं गाव. 1980 साली धरण पुरं झालं आणि गाव वर, हायवेकडं सरकलं. आत्याचं लग्न त्याच्या बरंच आधी झालेलं, त्यामुळं तिला काही उचलून न्यावं लागलं नाही. एका दिवाळीला ती माहेरी आली तर माहेरच दुसरीकडं. हे ती विनोद म्हणून सांगते. लहानपणी मला तो विनोद वाटायचाही.

बऱ्याच वर्षी पळसनाथाच्या देवळाचं नुसतं शिखर पाण्याबाहेर असतं, जवळ जायचं तर होडी लागते. त्या वर्षी मात्र आम्ही चालत गेलो. पायाखाली भेगाळलेला गाळ, मध्येच शिंपले, तुटलेल्या जाळ्याचा गुंता. दगडी भिंती सुबक, वरचं विटांचं शिखर पाण्यानं खाल्लेलं. लोक वीरगळांना टेकून फोटो काढत होते. मला वाटत होतं, आत्या रडेल. खरं सांगायचं तर तिनं रडावं म्हणूनच मी तिला आणलं होतं. दुसरं कुणी रडलं की आपल्याला बरं वाटतं.

कारण माझ्याकडं आठ दिवस होते. 2019 च्या डिसेंबरात एका सोमवारी दादा म्हणाले, पोटात जरा दुखतंय. पित्त असेल, मी म्हटलं. डॉक्टरही तेच म्हणाले. पुढच्या मंगळवारी त्यांना पुण्याला हलवलं. तिथले डॉक्टर "जरा आधी आणलं असतं तर..." इतकंच म्हणाले आणि त्यांना कुणीतरी हाक मारली. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुढं साडेचार वर्षं मी ते पुरं करत होते. रोज रात्री मी दादांना सोमवारीच गाडीत बसवायची. भिगवण जायचं, पाटस जायचं, चौफुला, यवत, उरुळी कांचन. हडपसरच्या अलीकडं कुठंतरी मला झोप लागायची. इतक्या रात्रींत दादा एकदाही दवाखान्याच्या दारापर्यंत पोचले नाहीत. गाडीत ते बोलायचेही नाहीत. खिडकीबाहेर बघत नुसते बसायचे, मी बसवल्यासारखे.

आत्या देवळापाशी फार थांबली नाही. लांबूनच हात जोडले, म्हणाली, "द्येव वर नव्या देवळात हाय, हितं कुणाला नमस्कार करायचा? पण सवय." मग पाणी मागं हटलं होतं त्या बाजूला चालू लागली. पायांनी जोत्यांचे दगड चाचपत एकदोन ठिकाणी थांबली. "हितं आपला वाडा. न्हाय, हितं तालीम असंल." नक्की काही ठरेना. जरा खट्टू झाली, मग तेही सोडून दिलं. पुढं एकानं हटलेल्या पाण्यामागची ओल धरून मका केला होता. धरणाच्या पोटातल्या अशा पेरणीला गाळपेर म्हणतात. पाऊस लवकर आला तर पीक पाण्यात, उशिरा आला तर घरात. आत्या त्या माणसाशी बोलायला उभी राहिली ती अर्धा तास. गाळाची ट्रॉली कितीला पडते, भरून कोण देतं, तिच्या माळरानाला किती ट्रॉल्या लागतील. ज्या गावाच्या मातीसाठी मी तिच्या डोळ्यांत पाणी शोधत होते, ती माती ती ट्रॉलीच्या भावात विचारत होती. मला थोडा रागच आला.

लांब उथळ पाण्यात उशिरापर्यंत राहिलेले थोडे रोहित पक्षी माना खाली घालून चिखल चाळत होते. "हे आमच्या टायमाला नव्हते," आत्या म्हणाली. "धरण झालं, मग आले." तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं.

परतताना मी तिला आठ दिवसांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती काहीतरी समजूत घालेल म्हणून मी तयार होते, आणि ती मानायची नाही असंही ठरवलं होतं.

"त्या आठवड्यात मी तुमच्याकडंच हुते की," ती म्हणाली. "हुलग्याचं माडगं करून घातलं त्याला. दोन दिस तेच मागत हुता. बिस्तरवारी का शुक्करवारी ओट्यावर बसून मला म्हणाला, आक्का, आपल्या हिरीत पडलेली घागर तू काढलीस का मी? भांडलो आम्ही. तुला ऐकू आलं आसंल की. तू तिथंच मटार सोलत हुतीस."

मला काहीच आठवेना. ओटा आठवला, मटार आठवेनात. त्या आठवड्यात मी दादांना गाडीत घालून यवतपर्यंत आणलं होतं हजारदा, पण ते ओट्यावर बसून बहिणीशी घागरीवरून भांडले, हे माझ्याकडं उरलंच नव्हतं.

"मग कुणी काढली घागर?" मी विचारलं.

"मीच. त्याला पवता कुठं येत हुतं तवा?"

गाडीत बसताना माझ्या हातात कौलाचा एक तुकडा होता, वाड्याच्या म्हणजे कदाचित तालमीच्या जागेवरचा. आत्यानं तो बघितला. "कशाला? घरात पसारा कमी हाय का?" मी तो रस्त्याच्या कडेला ठेवला. चपलांचा गाळ मात्र पायपुसणीला पुसूनही निघाला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याकडच्या धरणांचं पाणी आलं आणि उजनी भरली. देऊळ पुन्हा पाण्यात गेलं. आत्याचा फोन आला तो त्यासाठी नव्हे. पाणी यायच्या आधी तिनं चार ट्रॉल्या गाळ माळावर पसरून घेतला होता आणि आता तिथं काय लावावं, हे तिला ठरवायचं होतं. भुईमूग लावावा की तूर, यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. मी तूर म्हणत होते. तिनं भुईमूग लावला.