गाडी तापते कुठे?

आमच्या घरात चारचाकी आली ती सहा वर्षांपूर्वी. तोवर आम्ही दोघे भाऊ दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू आणि पडदे वाहत होतो. हप्त्यावर जुनी पिकअप घेतली, मंडपाचे थोडे सामान जमवले आणि उमरखेडच्या आसपास ढाणकी, विडूळ, मुळावा, पैनगंगा ओलांडून हदगावपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागलो. घरातले सगळेच या धंद्यात आहेत. थोरला गाडी चालवतो, धाकटा मंडप बांधतो, आई फाटलेले पडदे शिवते आणि धाकटी सून हिशेबाची वही ठेवते. म्हणून या लेखात ‘आम्ही’ म्हणजे घरातली सगळी माणसे, असे वाचकांनी समजावे.

धंदा वाढला तसा मोठा जनरेटर घेतला. तो दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवला आणि पिकअपच्या मागे हूक लावून ओढू लागलो. पुढे हौद्यात मंडपाचे सामान, मागे जनरेटर. एका खेपेत सगळे काम होते याचा आम्हाला मोठा आनंद वाटे. इथेच आमची चूक सुरू झाली होती, पण ती कळायला एक उन्हाळा जावा लागला.

एप्रिल महिन्यातली गोष्ट. पुसदकडच्या एका गावचे लग्न होते. भर दुपारी चढावर गाडी ओढेनाशी झाली. इंजिन जोरात ओरडत होते, पण गाडी पुढे सरकत नव्हती. काहीतरी जळाल्यासारखा उग्र वास आला. तापमानाचा काटा वर चढला होता. गाडी कडेला घेतली, दोन तास थांबलो, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन जनरेटर पोहोचवला. तोवर लग्न लागून गेले होते. मुलीच्या बापाने ठरलेल्या रकमेतले पैसे कापले. त्याला दोष कसा देणार? भर उन्हात त्याची पाहुणेमंडळी पंख्याविना बसली होती.

त्याच आठवड्यात आखाती देशात ड्रायव्हर असलेल्या आमच्या पाहुण्याचा फोन आला. त्याला हकीकत सांगितली. तो म्हणाला, “आमच्याकडं ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला गिअरच्या तेलाचा वेगळा कूलर लावतात. तेल तापलं की गिअरबॉक्स जातो. तुम्ही पण लावून घ्या.” आम्हाला ते पटले. मोठ्या शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. कूलर, नळ्या आणि मजुरी मिळून सोळा हजार सांगितले. घरात तेवढे पैसे होते, पण ते मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. गाडी बंद पडली तर हप्ता थकेल आणि फीही पुढे भरता येणार नाही, असा विचार करून आम्ही ते पैसे काढायचे ठरवले. पोरगी काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच आम्हाला रात्रभर टोचत राहिले.

सकाळी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. कूलर कुठे बसवायचा एवढेच विचारायचे होते. त्याने ऐकून घेतले आणि उलट आम्हालाच विचारले, “भाऊ, कूलर लावाल. पण त्यात तेल नेणार कोण?”

मग त्याने जमिनीवर खडूने आकृती काढून समजावले. परदेशातल्या ज्या पिकअपला हा कूलर लावतात त्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. त्यांना क्लचचे पेडल नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो आणि ते तेल गिअरबॉक्सकडचा पंखा फिरवते. दोन पंख्यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद वाया जाऊन तेल तापवते. ओझे आणि चढ वाढला की तेल आणखी तापते. हे तेल नवीन असताना बहुधा लाल असते. फार तापले की तपकिरी पडते आणि त्याला करपल्याचा वास येतो. अशा गिअरबॉक्सला आतच पंप असतो. तो पंप तेलाला रेडिएटरपर्यंत नेतो आणि परत आणतो. जास्तीचा कूलर लावायचा तर तो रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल अशा जागी पट्ट्यांवर बसवतात आणि परतीच्या नळीत जोडतात. म्हणजे तेल आधी रेडिएटरमधून आणि मग कूलरमधून गिअरबॉक्सकडे येते. नळी तेलाची आणि उष्णतेची असावी लागते, पाण्याची साधी नळी चालत नाही. जोडल्यावर तेलाची पातळी पुन्हा पाहावी लागते, कारण कूलर आणि नळ्या भरायला तेल लागते.

आपल्या देशातही इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या पिकअप ऑटोमॅटिकमध्ये निघाल्या आहेत. तशी गाडी असेल आणि ओझे ओढायचे असेल तर पाहुण्याचा सल्ला सोळा आणे खरा. पण आमची गाडी क्लचची. तिच्या गिअरबॉक्समध्ये पंप नाही. तळाशी तेल असते, दाते त्यात बुडून फिरतात आणि तेच तेल उडवून सगळीकडे लावतात. कूलर लावला असता तर तो पुढे शोभेला लटकला असता.

“मग तापतं काय?” आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाला, “क्लच. वास कशाचा आला होता?”

त्याने एक परीक्षा दाखवली. सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथेच बंद पडते. आमचे चालूच राहिले. म्हणजे प्लेट घसरत होती. ही परीक्षा एकदाच करावी, गाडीपुढे कोणी उभे राहू नये.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा धाकट्या सुनेने वही उघडली. तिने दाखवले की मोठा जनरेटर घेतल्यापासून दर खेपेचे डिझेल वाढले आहे आणि आठ महिन्यांत क्लच प्लेट दोनदा बदलली आहे. ती म्हणाली, “भाऊजी, मी हे आधी पण सांगितलं होतं.” सांगितले होते, हे खरे. आम्ही ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सामान भरून गाडी आणि ट्रॉली काट्यावर नेली. पावतीवरचे वजन पाहून आम्ही गप्प झालो. आरसीवरच्या पासिंगपेक्षा कितीतरी जास्त भरत होतो. 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वर जास्तीच्या दर टनाला दोन हजार आहेत. दंड तर आहेच, पण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. उतारावर ती पाठीमागून ढकलते तेव्हा गाडी आणि ट्रॉली दोन्ही थांबवायचे काम पिकअपच्या ब्रेकवर येते. चढावर आमचा क्लच गेला. उतारावर ब्रेक गेले असते तर हा लेख लिहायला कोण उरले असते?

मग पुढील कामे केली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदलले, कारण नुसती प्लेट बदलून दोनदा पैसे वाया गेले होते. रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई आणि धूळ भरली होती, ती धुऊन काढली. गिअरबॉक्सचे तेल भोकाच्या काठापर्यंत हवे होते, ते खाली गेले होते, ते बदलले. जनरेटर ट्रॉलीवर थोडा पुढे सरकवला, म्हणजे ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर येतो आणि ट्रॉली डुलत नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवला. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे एका खेपेच्या दोन खेपा केल्या. मंडप आदल्या दिवशी, जनरेटर लग्नाच्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत. थोरल्याने अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची सवयही सोडली. चढावर थांबायचे तर हँडब्रेक.

दोन खेपांना डिझेल जास्त लागेल अशी भीती होती. सुनेच्या वहीप्रमाणे ते थोडे जास्त लागतेच. पण त्यानंतर क्लचचे काम निघाले नाही, आणि कोणाच्या लग्नातले पैसेही कापले गेले नाहीत. ब्रेकचे आणि क्लचचे पैसे आम्ही त्या हंगामाच्या कमाईतून फेडले.

हप्त्यावर गाडी घेतलेली अनेक घरे आज आपल्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की गाडीला नवीन वस्तू लावण्याआधी ती वस्तू आपल्या गाडीत कोणते काम करणार हे विचारा. दुसऱ्याच्या गाडीचे औषध आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. एकदा तरी भरलेली गाडी काट्यावर न्या. आणि घरात हिशेबाची वही जिच्या हातात असेल, तिचे म्हणणे मिस्त्रीच्या आधी ऐका.

सोळा हजार रुपये जिथे होते तिथेच राहिले. जूनमध्ये ते फीला गेले. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.